बियांच्या दारातला बदली कामगार

सप्टेंबर १९४०. लंडनवर रात्री बाँब पडत होते. त्यातले काही साउथ केन्सिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयावर, नेमके वनस्पती विभागावर पडले. आग लागली, बंबवाल्यांनी पाण्याचा मारा केला, आग विझली. नंतर पाहिलं तर संग्रहातल्या काही भिजलेल्या बियांना चक्क मोड आले होते. झाडाचं नाव अल्बिझिया जुलिब्रिसिन. आपल्याकडे ज्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात त्या शिरीषाच्याच प्रजातीतलं हे झाड. बिया आणल्या होत्या चीनमधून, १७९३ साली, ब्रिटिश वकिलातीबरोबर गेलेल्या जॉर्ज स्टाँटन यांनी. त्या वर्षी पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते आणि महादजी शिंदे हयात होते. म्हणजे बियांचं वय १४७ वर्षं. विभागप्रमुख जॉन रॅम्सबॉटम यांनी १९४२ साली ‘नेचर’मध्ये ही हकिगत नोंदवून ठेवली.

वयाचं नवल आहेच, पण मला त्याहून नवल वाटतं ते क्रमाचं. आधी आग, मग पाणी. उन्हाळी प्रदेशातल्या झाडांना हा क्रम ओळखीचा असतो. आधी वणवा, मग पाऊस. दीडशे वर्षं लंडनची दमट हवा त्या कपाटांत खेळत होती, तिला बिया बधल्या नाहीत. बंबवाले आले ते मात्र नकळत वळीव होऊन आले.

शिरीष, बहावा, बाभूळ, रतनगुंज अशा शेंगा धरणाऱ्या झाडाची पक्की वाळलेली बी घ्या आणि वाटीभर पाण्यात टाका. दोन-चार दिवसांनी काढून पाहिली तरी बहुतेक बिया होत्या तेवढ्याच, टणक आणि आतून ठणठणीत कोरड्या. या बियांच्या टरफलात लांबट पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात आणि त्यांच्यात पाणी अडवणारी द्रव्यं मुरलेली असतात. आतला गर्भ जिवंत असतो, अन्नाचा साठा तयार असतो, फक्त पाणी आत जायला वाट नसते.

मग एवढी कोरडी ती होते तरी कशी? न्यूझीलंडमधल्या हाइड या संशोधकाने १९५४ साली याचं उत्तर दिलं. क्लोव्हर आणि ल्युपिन या शेंगवर्गीय झाडांच्या बिया त्याने अभ्यासल्या होत्या. बी शेंगेला जिथे जोडलेली असते तिथे एक डाग राहतो, त्याला नाभी म्हणतात. त्या नाभीत एक बारीक फट असते. हवा कोरडी असली की फट उघडते आणि आतली ओल बाहेर पडते. हवा दमट झाली की फट मिटते. ओल बाहेर जाऊ शकते, आत येऊ शकत नाही. म्हणजे बीने आयुष्यात जी सर्वांत कोरडी हवा सोसली असेल तेवढी ती कोरडी होते आणि दार उघडेपर्यंत तशीच राहते. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि तरी कडक उन्हाळ्याची नोंद अंगात कोरून घ्यायची ही सोय! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

बाभळीच्या आणि सुबाभळीच्या बीत नाभीजवळ आणखी एक नाजूक जागा असते. तिला सणसणीत चटका बसला की ती उचकटते आणि पाणी शिरतं ते तिथूनच. रोपवाटिकेत अशा बियांवर उकळतं पाणी ओततात ते यासाठी. पाणी उकळलं की भांडं खाली उतरवायचं, बिया त्यात टाकायच्या आणि रात्रभर तसंच निवू द्यायचं. चुलीवर ठेवून शिजवायच्या नाहीत, हे सांगायला नको, पण सांगतो. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या असतील त्यांचं दार उघडलं. ज्या फुगल्या नाहीत त्यांना पुन्हा तोच उपचार करायचा. मोठ्या रोपवाटिका गंधकाम्लही वापरतात. घरी त्या वाटेला जाऊ नये. मोजक्याच बिया असतील तर सगळ्यांत सोपं हत्यार म्हणजे नेलकटर किंवा कानस. नाभीच्या विरुद्ध बाजूला टरफल एवढंसं खरवडायचं, आतला फिकट रंग दिसला की थांबायचं. नाभीच्या बाजूला आत मुळाचं टोक असतं, म्हणून तिकडे हात लावायचा नाही. रतनगुंजेची लालभडक बी अशी खरवडून पाण्यात टाकली की रात्रीत फुगते, तिचा तो रंग ताणला जातो आणि काही दिवसांत पांढरं मूळ बाहेर येतं. वर्षानुवर्षं खेळण्याच्या डब्यात पडलेली बी असली तरी. मात्र रतनगुंज म्हणजे अख्खी लाल बी. वेलीवरची लाल-काळी गुंज वेगळी, ती जबर विषारी असते आणि तिचं टरफल फोडणंच धोक्याचं. तिला कानस लावू नका.

जंगलात ही कानस कोण लावतं?

बाभळीपुरतं उत्तर धनगरवाड्यावर मिळतं. उन्हाळ्यात चारा संपतो तेव्हा शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात. शेंगेचा गोडसर गर पचतो, बी पचत नाही. काही बिया लेंडीतून पडतात, काही रवंथ करताना तोंडातून बाहेर टाकल्या जातात. रात्रभर कळप जिथे बसतो तिथे सकाळी अशा बियांचा सडा असतो, आणि पोटातली आम्लं व दातांची घासणी सोसून आल्यामुळे त्या झाडाखाली पडलेल्या बियांपेक्षा लवकर रुजतात. वनखात्याच्या जुन्या पद्धतीत बाभळीचं बियाणं शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करावं असं म्हटलेलं असे. उपचार आधीच झालेला, तोही फुकट.

या कामात जो पडला त्याला लवकरच कळतं की आपण कुणाच्या तरी जागेवर उभे आहोत. गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. बी रुजवणारा माणूस तसा बदलीवर असतो. कधी तो शेळीच्या पोटाचं काम करतो, कधी वणव्याचं, कधी कोकिळेचं, कधी पहिल्या पावसाचं. झाड अनोळखी असलं, दूरच्या मुलखातलं असलं, की पहिला प्रश्न विचारायचा तो हाच. तिकडे हे काम कोण करायचं?

गोरखचिंचेच्या बाबतीत उत्तर आहे हत्ती आणि बबून. हा आफ्रिकेचा वृक्ष. मिशेल आदांसाँ या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाने १७४९ साली सेनेगलमध्ये तो पाहिला, आणि पुढे लिनियसने त्याच्याच नावावरून झाडाला ‘अ‍ॅडान्सोनिया’ म्हटलं. झिंबाब्वेमधलं ‘पांके’ नावाचं एक झाड २०१०-११ साली कोसळून मेलं, तेव्हा कार्बन मोजणीत त्याचं वय २,४५० वर्षांच्या आसपास निघालं. आपल्याकडे समुद्रमार्गे व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी ही झाडं आणली. वसईच्या किल्ल्यात आणि मुंबईत ठिकठिकाणी त्यांची अवाढव्य खोडं अजून उभी आहेत. फळ फोडलं की आत पांढरा, कोरडा, आंबट गर, आणि त्यात मूत्रपिंडाच्या आकाराच्या तपकिरी बिया. गर तोंडात धरून चोखावा, बिया ठेवाव्यात. (चोखणं हाही बबूनच्या कामातला एक भाग, आणि त्यातला उत्तम.) मग खरवडून किंवा गरम पाण्यात टाकून पेराव्यात. हत्तीच्या पोटातला मुक्काम आपल्याला नेलकटरने उरकता येतो, ही माणसाची मोठीच सोय म्हणायची.

या रोपाची खरी परीक्षा पहिल्या हिवाळ्यात असते, रोपाची नव्हे, पाळणाऱ्याची. पानं गळतात, हातभर काडी उरते. माणसं ती मेली म्हणून फेकून देतात. पिशवीतली माती हळूच उकरून पाहिली तर खाली फुगीर मूळ असतं, पाण्याने भरलेलं. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवायचं. उन्हाळ्याच्या शेवटी काडीला डोळे फुटतात. पाणी घालत राहिलो तर मात्र ते मूळ कुजतं, आणि मग खरंच मेलेलं असतं.

बदलीच्या या हिशेबात कधी कधी भलत्याच्या नावाने हजेरी लागते. मॉरिशसची गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोकणातून गेलेल्यांचे मराठी बोलणारे वंशज आजही त्या बेटावर आहेत, त्यामुळे ते आपल्याला तसं परकं नाही. तिथे तांबालाकोक नावाचा एक वृक्ष आहे, चिकूच्या कुळातला. फळाची आठळी भयंकर जाड. १९७७ साली स्टॅन्ली टेंपल या अमेरिकी शास्त्रज्ञाने ‘सायन्स’मध्ये लिहिलं की या झाडाची जेमतेम १३ म्हातारी झाडं उरली आहेत, तीनशे वर्षांत नवं झाड आलेलं नाही, आणि कारण डोडो. तो पक्षी सतराव्या शतकात संपला. त्याच्या पेषणीत आठळी घासली जायची, ती आता कोण घासणार? टेंपलने डोडोच्या जागी टर्की कोंबड्या घेतल्या आणि त्यांच्या गळी १७ आठळ्या उतरवल्या. सात चिरडल्या गेल्या, दहा सलग बाहेर आल्या, त्यातल्या तीन रुजल्या.

गोष्ट इतकी देखणी होती की जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. एक पक्षी मेला आणि त्याच्यामागे एक झाड वांझ झालं. फक्त एक अडचण होती. टर्कीच्या पोटात न गेलेल्या आठळ्या शेजारी पेरून पाहिल्याच नव्हत्या. त्या आपोआप रुजल्या असत्या का? तर हो. क्यू उद्यानाचे आर्थर हिल यांनी १९४१ सालीच लिहून ठेवलं होतं की ही आठळी कुणी न घासताही ठरलेल्या रेषेवर उकलते. पुढे विट्मर आणि चीक यांनी १९९१ साली सगळा पुरावा तपासला. झाडं शेकड्यांनी आहेत आणि त्यांत डोडोनंतर जन्मलेलीही आहेत असं निघालं. बेटावर माणसांनी आणलेली माकडं आणि डुकरं फळांचा आणि रोपांचा फडशा पाडत होती, तो भाग टेंपलच्या गोष्टीत मागे पडला होता. मला ही हकिगत डोडोच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. दोन कुंड्या शेजारी ठेवून, एकीतल्या बियांवर उपचार करून आणि दुसरीतल्या तशाच पेरून, शाळकरी मुलालाही करता येईल असा प्रयोग, आणि त्यावाचून एक जगप्रसिद्ध सिद्धान्त लंगडा राहिला. घरी बिया रुजवताना मी आता दुसरी कुंडी कधी चुकवत नाही.

चिकूच्याच कुळातलं आणखी एक झाड मोरोक्कोत आहे, आर्गन. तिथल्या शेळ्या फळांसाठी चक्क झाडावर चढतात, फळं खातात आणि आठळ्या रवंथ करताना थुंकतात. इथे मात्र शेळीची हजेरी पुराव्यानिशी लागली आहे. आपल्याकडे याच कुळातली खिरणी चिकूच्या कलमांना खुंट म्हणून वापरतात. डहाणू-घोलवडच्या चिकूवाल्यांना विचारलं तर खिरणीचं रोप किती सावकाश वाढतं याची कैफियत ऐकायला मिळते.

आता दुसरी जात. या बियांना दार नसतंच.

आंबा, फणस, जांभूळ, कोकम. यांची बी वाळवून डबीत भरून ठेवली की मेली. फ्रिजमध्ये ठेवली तरी मेली. ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९७३ साली बियांचे असे दोन गट पाडले. एक, ज्यांना वाळवून थंडीत ठेवलं की आयुष्य वाढतं. दुसरा, ज्यांना वाळवणं म्हणजेच मारणं. पहिल्या गटाचा पल्ला किती लांब जातो ते इस्रायलमध्ये दिसलं. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यात १९६० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात खजुराच्या बिया सापडल्या. २००५ च्या जानेवारीत एलेन सोलोवे यांनी त्यातल्या तीन पेरल्या. आधी कोमट पाण्यात भिजवल्या, मग संप्रेरकांच्या आणि पोषक द्रव्यांच्या द्रावणांत ठेवल्या. एक रुजली. कार्बन मोजणीने बीचं वय जवळपास २००० वर्षं निघालं. तिचं नाव ठेवलं मेथुसेलाह. झाड निघालं नर. मग आणखी जुन्या बिया पेरल्या गेल्या, त्यांतून माद्याही निघाल्या. त्यातल्या ‘हॅना’च्या फुलोऱ्यावर मेथुसेलाहचे पराग माणसाने हाताने टाकले आणि २०२० साली तिला खजूर धरले. शंभराहून थोडे अधिक. त्यांची चव पाहणाऱ्यांत सोलोवेही होत्या. इथे माणूस फक्त वणव्याच्या किंवा पावसाच्या जागेवर नव्हता, तो वाऱ्याच्याही जागेवर होता. पण खजुराच्या बागांत ही बदली हजारो वर्षं चालत आली आहे.

आणि आंब्याची कोय? तिचं आयुष्य काही आठवड्यांचं. हा तिचा दुबळेपणा मानू नये. तिची वेळ मुळातच ठरलेली आहे. कोय मे-जूनमध्ये पडते आणि वर पाऊस येतच असतो. ज्या मुलखात मोसमी पाऊस इतक्या वर्षांत एकदाही पूर्ण चुकला नाही तिथे वाट पाहण्याची यंत्रणा बाळगायची कशाला? तिने तो सगळा खर्च वाचवून भरगच्च शिदोरी बांधली, म्हणून कोयीतून निघणारा कोंब पहिल्याच फुटीत वीतभर वाढतो, तांबूस लवलवीत. कोकणातल्या कलमवाल्यांनी नेमकी ही वेळ पकडली आहे. जूनमध्ये रायवळच्या कोयी पेरायच्या आणि कोंब अजून तांबूस, कोवळा आहे तोवर, म्हणजे साधारण पंधरवड्यात, त्यावर हापूसची काडी बांधायची. त्याला कोयकलम म्हणतात. रोपाच्या अंगात तेव्हा कोयीतला सगळा साठा धावत असतो.

हापूसच्या कोयीतून एकच रोप निघतं आणि ते आईसारखं निघत नाही. पण दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या बप्पाकाई, ओलूर यांसारख्या काही जातींत एका कोयीतून तीन-चार कोंब येतात, आणि त्यातले बहुतेक परागाशिवाय, निव्वळ आईच्या पेशींपासून झालेले असतात. म्हणजे बी पेरून कलम मिळतं! विदर्भातली संत्र्याची कलमं ज्या जंबेरीच्या खुंटावर बांधतात तिच्यातही हीच किमया आहे, आणि म्हणूनच बियांपासून वाढवलेले खुंट एकसारखे निघतात. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन रोपं आली तर चकित होऊ नका, सर्वांत जोमदार ठेवा. कोकमाच्या बाबतीत मात्र बी दगा देऊ शकते. रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला कित्येक वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमाची मृदुकाष्ठ कलमं आणि ‘कोकण अमृता’ ही जात दिली ती याच त्रासापायी. तरी परसात जागा असेल तर मी बीचंच कोकम लावीन. नर निघाला तरी त्याची सावली आणि पालवीचा तो काळपट तांबडा रंग कुठे जात नाही.

खाडीकाठचा कांदळ याच्याही पुढे गेला आहे. त्याची बी फळातच, झाडावर असतानाच रुजते. फळाखाली हिरवी, टोकदार, फूटभर आणि कधी त्याहून लांब शेंग लोंबताना दिसते, ती शेंग नव्हेच, ते रोप आहे. आईच्या अंगावरून सुटलं की चिखलात रुतायचं किंवा भरतीबरोबर निघून जायचं. खाऱ्या पाण्यात नाजूक बीला पहिलं मूळ फोडणं जड जातं, म्हणून तो टप्पा आईच्या अंगावरच उरकून घ्यायचा, हे यामागचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. कांदळ लावणाऱ्याला म्हणूनच जवळजवळ काही करायचं उरत नाही. पिकलेलं रोप उचलायचं आणि टोकदार बाजू खाली करून तिसरा हिस्सा चिखलात खोचायचा. उलटं खोचू नये, एवढीच अट.

दर्याच्या नारळाची तऱ्हा याच्या नेमकी उलट. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा, साधूंच्या कमंडलूसाठी कोरला जाणारा तो जोडनारळ. शतकानुशतकं तो समुद्रावर वाहत यायचा आणि तो कुठल्या झाडाचा ते बाहेरच्या जगाला माहीत नव्हतं. समुद्राच्या तळाशी त्याचं झाड आहे असंही लोक मानत. १७६८ साली फ्रेंच खलाशांना सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर त्याची वनं दिसली. जगातली ही सर्वांत मोठी बी, वजन वीस किलोच्या घरात जाऊ शकतं. गंमत अशी की जिवंत, भरलेली बी पाण्यात बुडते. तरंगते ती आतून कुजलेली, पोकळ झालेली. म्हणजे आपल्या किनाऱ्याला लागलेल्या एकाही दर्याच्या नारळातून कधी झाड येणं शक्यच नव्हतं. ही बी रुजते तेव्हा कोंब लगेच वर येत नाही. आधी जाड दोरासारखा एक देठ जमिनीखालून कित्येक मीटर सरपटत जातो आणि टोकाला, आईच्या सावलीपासून दूर, रोप लावून येतो. मागे राहिलेल्या बीतून त्याला पुढची काही वर्षं त्याच देठातून अन्न पोचत राहतं.

हे पाहायला सेशेल्सला जायची गरज नाही. आपला ताड लहान प्रमाणावर तेच करतो, फक्त आडवा न जाता सरळ खाली जातो. पिकलेलं ताडफळ जमिनीवर ठेवलं की बीतून पांढरा कोंब निघतो आणि हात-दीड हात खोल उतरतो. खरं रोप तिथे खाली तयार होतं आणि मग पान वर येतं. तमिळनाडूत हे जमिनीखालचे कोंब उपटून, उकडून खातात. म्हणून ताड पिशवीत वाढवू नये. पिशवीचा तळ लागला की कोंब वळतो आणि रोप कायमचं खुरटं राहतं. जिथे ताड हवा तिथेच बी ठेवावी.

चंदनाला दोन बदल्या लागतात. पहिली कोकिळेची आणि बुलबुलाची. काळं, रसाळ फळ गिळून बी लांब टाकायचं काम हे पक्षी करतात. आपण गर धुऊन, बी सावलीत वाळवून, दोनेक महिने थांबून, जिबरेलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवून ते काम भागवतो. तरी उगवण्याला महिना लागतो किंवा तीन लागतात, आणि शेजारच्या दोन बियांत एकमत नसतं. दुसरी बदली जास्त महत्त्वाची. चंदन अर्धा परोपजीवी आहे. हिरवी पानं आहेत, स्वतःचं अन्न स्वतः शिजवतो, पण पाणी आणि खनिजं शेजाऱ्याच्या मुळांत आपल्या मुळांची तोंडं रुतवून घेतो. बीतला साठा संपला की एकटं रोप पिवळं पडतं, आणि लोक खत घालत राहतात. त्याला खत नको, सोबत हवी. म्हणून रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत तुरीचे दोन दाणे टोचतात. तूर उंच होऊन चंदनाला झाकायला लागली की छाटायची, मारायची नाही. शेतात नेल्यावर करंज, शिरीष, सुरू असा दीर्घायुषी शेजारी द्यायचा.

एक गोष्ट लोकांना सांगावीच लागते. पहिली पानं फसवतात. गोरखचिंचेच्या मोठ्या झाडाची पानं हाताच्या बोटांगत पाच-सहा पर्णिकांची. रोपाला मात्र साधी, एकेरी पानं येतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचं तर उलटंच. रस्त्याकडेला जी विळ्याच्या आकाराची पानं दिसतात ती पानं नव्हेतच, ते चपटे झालेले देठ. बी पेरून पाहा. पहिली दोन-चार पानं बाभळीची असावीत तशी बारीक पर्णिकांची येतात, मग एका पानाचा देठ थोडा रुंद होतो, पुढच्याचा आणखी, आणि टोकावरच्या पर्णिका कमी होत होत नाहीशा होतात. एकाच काडीवर खालून वर हा सगळा बदल वाचता येतो. हे पाहण्यासाठी एखादं रोप कुंडीत जरूर वाढवावं. जमिनीत लावायला मी सांगणार नाही.

कारण काही झाडांना इथे बदलीची गरजच उरलेली नाही. मध्य अमेरिकेतून आलेली सुबाभूळ १९७०-८० च्या दशकांत चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी महाराष्ट्रात हौसेने लावली गेली. तिच्या शेंगा आपण होऊन उकलतात, झाडाखाली शेकडो बिया पडतात, त्यातल्या थोड्या यंदा उगवतात आणि बाकीच्या कडक टरफलाच्या आड पुढच्या पावसाळ्यांसाठी थांबतात. तोडून टाकली तरी जमिनीत साठा राहतोच. गोरखचिंच इतकी शतकं इथे आहे, पण ती रानात पसरलेली नाही. तिच्या हत्ती-बबूनची जागा इथे फक्त माणसाने घेतली, आणि माणूस जिथे लावील तिथेच ती उभी राहिली. परदेशी बी हातात आली की मी हा फरक आधी तपासतो. जी सहज उगवते, दोन वर्षांत शेंगा धरते आणि कुणावाचून तिचं अडत नाही, ती बी मी कुंपणाबाहेर जाऊ देत नाही. सुबाभळीच्या शेंगा हिरव्या असतानाच खुडाव्या लागतात, तपकिरी झाल्या की उशीर झालेला असतो.